आरोग्याचा रकाना

अमरावती किंवा अकोल्यात नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या शाळेत मुलाला घालायचं ठरलं, की प्रवेश अर्जासोबत आरोग्याचा एक वेगळा फॉर्म हातात पडतो. उंची, वजन, रक्तगट, चष्मा आहे का, दमा आहे का, कशाची ॲलर्जी, कोणत्या लसी झाल्या, फॅमिली डॉक्टरचं नाव, आणि शेवटी सही: अडचणीच्या वेळी शाळेने मुलाला दवाखान्यात नेलं तर आमची हरकत नाही. आई-वडील तो बाकावर बसून पाच मिनिटांत भरतात. उंची अंदाजाने लिहितात, वजन मागच्या वर्षीचं, आणि रक्तगटासाठी घरी फोन लावतात.

रक्तगटाचा रकाना फॉर्मवर सगळ्यांत ठळक असतो आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा. रक्त चढवायची वेळ आलीच तर कुठलीही रक्तपेढी शाळेच्या कागदावर विसंबत नाही. ती नव्याने नमुना घेते, गट तपासते, जुळवून पाहते. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा प्रश्न अमेरिका-इंग्लंडच्या शाळांतून आलेला. तिकडे तो जिवावरचा प्रश्न आहे, इकडेही एखाद्या लेकराला तो त्रास असू शकतो, म्हणून विचारायला हरकत नाही. पण असे बरेच फॉर्म मी पाहिले आहेत ज्यांत शेंगदाण्याला स्वतंत्र ओळ आहे आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला नाही. वऱ्हाडातल्या शाळेसाठी ही उलटी गोष्ट आहे. साचा दुसऱ्या मुलखाचा, मुलं या मुलखाची.

शाळेने मुलांच्या तब्येतीत लक्ष घालावं ही कल्पना तशी जुनी नाही. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेले तरुण मोठ्या प्रमाणात नापास होऊ लागले, तेव्हा इंग्लंडला आपल्या शाळकरी मुलांची काळजी वाटू लागली आणि १९०७ च्या कायद्याने शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी सुरू झाली. आपल्याकडे पहिली नोंद सापडते ती १९०९ ची, बडोदा शहरातली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. सक्तीने वर्गात बसवलेलं मूल नीट पाहू-ऐकू शकतं का, ही चौकशी त्या पाठोपाठ येणं साहजिकच म्हणायचं. पुढे १९४६ च्या भोर समितीने, आणि १९६० साली रेणुका राय यांच्या समितीने देशातल्या शालेय आरोग्याचा विचार केला.

वऱ्हाडात मात्र विद्यार्थ्याचं आरोग्य म्हणजे बराच काळ व्यायाम. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यांचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. मलखांब, लेझीम, कुस्ती, दंडबैठका या परंपरेचा वऱ्हाडाला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. तिची एक सावली मात्र आहे. आखाड्याच्या नजरेत दोनच प्रकारची पोरं असतात, मेहनती आणि आळशी. तिसरा प्रकार, म्हणजे आजारी असूनही वरून धडधाकट दिसणारं मूल, त्या नजरेतून निसटतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आधी न्यूयॉर्कची एक हकिगत सांगतो, कारण शालेय आरोग्यातली खरी मेख तिथे उघडी पडली. १८९७ पासून तिथल्या शाळांत डॉक्टर येऊन मुलं तपासत. खरूज, नायटा, उवा, डोळे आलेले दिसले की मुलाला घरी पाठवत. कारण एका चिठ्ठीवर लिहिलेलं असे. ती चिठ्ठी नुकत्याच परदेशातून आलेल्या आईला वाचता येत नसे. मूल गल्लीत खेळत राही, शाळा बुडे, आजार तसाच. लिलियन वाल्ड या परिचारिकेने शहराला सुचवलं की महिनाभर एक नर्स देऊन बघा. ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स चार शाळांमध्ये रुजू झाली. ती शाळेतच मलम लावी, किरकोळ आजाराच्या मुलांना वर्गात परत बसवी आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आईला औषध कसं लावायचं ते हाताने दाखवी. प्रयोग पटला, नर्स वाढल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. पुढच्या सप्टेंबरात ती १,१०१ झाली. डॉक्टर आधीही होते, तपासणी आधीही होत होती. फरक पडला तो सापडलेल्या आजाराच्या मागे कुणीतरी चालत गेल्यामुळे. इंग्लंडमध्येही हेच झालं. तपासणीचे ढीगभर तक्ते तयार झाले आणि उपचारांची सोय नव्हती, म्हणून मार्गारेट मॅकमिलन यांनी १९०८ साली लंडनच्या बो भागात आणि १९१० मध्ये डेप्टफर्डला शाळकरी मुलांसाठी दवाखाने काढले.

आता आपल्या जिल्ह्यांत या. सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा ‘आरबीएसके’ची गाडी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे तिचं पूर्ण नाव, सुरुवात २०१३ ची. पथकात दोन डॉक्टर असतात, एक स्त्री आणि एक पुरुष, सोबत नर्स आणि औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणीचे रोग आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत ते मुलं तपासतात. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, तिरळेपणा, कमी ऐकू येणं असं काही सापडलं तर जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात आणि शस्त्रक्रियेसह पुढचा खर्च सरकार करतं. अमरावतीत लोक ज्याला अजून इर्विनच म्हणतात ते जिल्हा सामान्य रुग्णालय, अकोल्यात सर्वोपचार, ही त्या वाटेवरची ठिकाणं.

खासगी विनाअनुदानित शाळा या कार्यक्रमाच्या बाहेर आहेत. मोठ्या फीच्या शाळेत सिक रूम असते, नर्स असते, वर्षाकाठी दंतवैद्य आणि नेत्रतज्ज्ञ बोलावले जातात. सीबीएसईलाही विद्यार्थ्यांची नियमित तपासणी आणि तिच्या नोंदी अपेक्षित आहेत. खरी पोकळी मधल्या थरात आहे. रिक्षावाला, दुकानातला नोकर, पाच एकरवाला शेतकरी पोटाला चिमटा काढून ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पोरं घालतो, तिथे सरकारी गाडी जात नाही आणि नर्स ठेवणं शाळेला परवडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून ‘चांगल्या’ शाळेत घातलेल्या मुलाची फुकटची तपासणी अशी हातची जाते, हे बहुतेक पालकांच्या गावीही नसतं.

सिकलसेलकडे वळू. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर मरते. विदर्भात हा आजार आहे हे नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं. आदिवासी समाजांत आणि काही अनुसूचित जातींत त्याचं प्रमाण जास्त, पण तो कुणा एका जातीचा नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नुसत्या वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, त्याला रुग्ण समजून जपत बसण्याचं कारण नाही.

वर्गात हा आजार कसा दिसतो? बहुतेकदा तो आजार म्हणून दिसतच नाही. डोळे पिवळसर असतात म्हणून घरचे कावीळ समजून झाडपाला देतात. हाडं आणि सांधे असह्य ठणकतात, दोन दिवसांनी थांबतात. मास्तरांना तो बहाणा वाटतो. मूल लवकर दमतं, पीटीच्या तासाला मागे पडतं, आणि इथेच ती आखाड्याची नजर आडवी येते. मैदानाला चार फेऱ्यांची शिक्षा, उन्हात उभं करणं, पाणी प्यायला जाऊ न देणं या तीन गोष्टी सिकलसेलच्या मुलाला सरळ दवाखान्यात पोचवू शकतात. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप आणि अतिश्रम यांतूनच वेदनेचा झटका उठतो.

एक गोष्ट तर वसतिगृहाच्या प्रत्येक अधीक्षकाला सांगायला हवी. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. म्हणून हे मूल जास्त लघवी करतं, तासाला दोनदा परवानगी मागतं, आणि दहा-बारा वर्षांचं झालं तरी रात्री अंथरूण ओलं करू शकतं. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडलं तर लाजेवरचा इलाज जिवावर उठतो. त्याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला न विचारता जाऊ द्यावं आणि १०१ च्या वर ताप गेला तर गोळी देऊन उद्यापर्यंत वाट न पाहता दवाखाना गाठावा. एवढ्या तीन गोष्टींना शाळेला एक रुपया लागत नाही.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवर ठरतं. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी धरली आहे आणि २०४७ पर्यंत आजार संपवण्याचं उद्दिष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, त्यामुळे दहावी-बारावीला ताशी २० मिनिटांची जास्तीची वेळ मागता येते. प्रमाणपत्र ऐन फेब्रुवारीत काढायला धावू नये, इतकंच.

हे शाळेला सांगावं का, यावर घरोघरी कुजबुज चालते. मुलीच्या आईला तर सोयरिकीची भीती. ती भीती उगाच आहे असं मला वाटत नाही. गावात एका कानाची बातमी दहा कानांवर जायला वेळ लागत नाही. म्हणून माहिती वर्गशिक्षक, पीटीचे सर आणि नर्स या तिघांपुरती राहावी. भर वर्गात सिकलसेलचं कार्ड वाटणं, यादी फळ्यावर लावणं, ‘सिकलसेलवाले हात वर करा’ म्हणणं हे प्रकार ज्या शाळेत होतात तिथे पालकांनी लपवलं तर दोष पालकांचा नाही.

या माहितीचा संबंध सोमवारच्या निळ्या गोळीशीही आहे. किशोरवयीन मुला-मुलींना शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पाच ते नऊ वयाच्या मुलांची गोळी गुलाबी आणि कमी ताकदीची. तिची गरज खरीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. गोळी उपाशीपोटी दिली की मळमळतं, शौच काळी होते, मग अफवा उठते आणि पोरी गोळ्या खिडकीबाहेर टाकतात. खिचडी खाऊन झाल्यावर दिली तर ही तक्रार बरीच कमी होते. पण ज्या मुलाला वारंवार रक्त चढवलेलं आहे त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. त्याला ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. सगळ्यांना एकच गोळी वाटणाऱ्या शिक्षिकेला हे कळणार कसं, तर फॉर्मवरच्या सिकलसेलच्या त्या एका ओळीतून.

उन्हाचं वऱ्हाडी माणसाला शिकवायला नको. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरात कैरीचं पन्हं घेऊन त्याने पिढ्यान्‌पिढ्या मे महिना काढला. कांद्याचा उपयोग शून्य, पन्ह्याचा आहे, दुपट्ट्याचा तर नक्कीच. राज्यात इतरत्र जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात जूनच्या शेवटाकडे, ते याच उन्हामुळे. पण उन्हाळा जूनपुरता नसतो. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत ठेवल्या तेव्हा विदर्भातून विरोध झाला. अकोल्यात तेव्हा पारा चाळिशीच्या बराच वर असतो. पुण्यात बसून आखलेलं वेळापत्रक आणि अमेरिकेतून आणलेला आरोग्याचा फॉर्म यांची जात एकच.

शाळेला दोन अवस्थांतला फरक कळला पाहिजे. घाम गळतोय, चक्कर येते, डोकं दुखतं, पण पोरगं नीट बोलतं: सावलीत निजवा, ओआरएस पाजा. ते बरळायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, शुद्ध हरपते आहे असं वाटलं, तर तो उष्माघात. तेव्हा आधी कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, पंखा लावा, आणि अंग गार करतच दवाखान्यात न्या. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. फीट आलेल्या मुलाच्या तोंडातही काही घालायचं नसतं. त्याला कुशीवर वळवून घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात ती मोलाची पाच मिनिटं जातात.

आतापर्यंतचं सगळं शहराच्या हाकेच्या अंतरावरचं झालं. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या आश्रमशाळांत पहिलीपासूनचं पोर घर सोडून राहतं. तिथे शाळाच आई-बाप. रात्री अकराला पोटात दुखू लागलं तर ते अधीक्षिकेला सांगावं लागतं, आणि पहिलीतल्या कोरकू पोराला मराठीत दुखणं सांगता येतंच असं नाही. पोट दुखतंय, छातीत दुखतंय की साप चावला, हे नेमकं कळेपर्यंत तास जातो. मेळघाटात बरेच साप रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावतात. मण्यारीच्या दंशाची खूण दिसतही नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं एवढंच दिसतं. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढचं काही लागलं तर हरिसाल, सेमाडोह, घाट उतरून परतवाडा आणि मग अमरावती. फोनला रेंज नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावणंही अवघड. आश्रमशाळांतल्या मृत्यूंबद्दल ओरड झाल्यावर २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. माझ्या मते अशा शाळेत कोरकू बोलणारी एक नर्स रात्री मुक्कामाला असणं हे दहा वार्षिक शिबिरांपेक्षा मोलाचं आहे. लिना रॉजर्सचा धडा मेळघाटाला सगळ्यांत जास्त लागू पडतो.

खारपाणपट्ट्याबद्दल थोडक्यात. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या गावांत विहिरीचं पाणी खारं. ८४ खेडी पाणीपुरवठा योजना, शहानूर धरणाचं पाणी आलं तरी नळ रोज येतोच असं नाही. तिथल्या शाळेत पाण्याची टाकी कुठून भरते आणि फिल्टरची देखभाल कोण करतं, हा आरोग्याचाच प्रश्न आहे. मुलगी घरून आणलेली अर्धी बाटली दिवसभर पुरवते, आणि शाळेचं स्वच्छतागृह घाण असेल तर तेवढंही पीत नाही.

शेवटी लसी. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम राज्यभर शाळांतून झाली, तेव्हा पालकांच्या शंकांना मुख्याध्यापकांना उत्तरं द्यावी लागली होती. त्यानंतरची दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस मात्र चुपचाप राहून जाते, कारण तेवढ्या वयात लसीचं कार्ड कुठल्या पेटीत गेलं हे आईलाही आठवत नाही.

हे कार्ड खरं आठवतं ते व्हिसा लागल्यावर. अमरावतीची, अकोल्याची कितीतरी मुलं आता आई-बापाच्या नोकरीपायी अमेरिकेत शिकायला जातात. तिथे जवळपास सगळ्या राज्यांत लसींची नोंद दाखवल्याशिवाय शाळेत घेत नाहीत, अपवाद असतील ते वेगळ्या कारणांचे. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंडाची लस नाही, कांजण्यांचीही नाही. तिकडे दोन्ही मागतात. अनेक ठिकाणी भारतातून आलेल्या मुलाची क्षयाची त्वचेवरची चाचणी करतात; जन्मतः बीसीजी घेतलेल्या आपल्या मुलाची ती विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात घबराट होते. त्याऐवजी रक्तावरची इग्रा चाचणी मागावी, तिला बीसीजीने फरक पडत नाही. सिकलसेलची गंमत आणखी वेगळी. २००६ पासून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सिकलसेल तपासणी होते, म्हणून तिथे जन्मलेल्या भावाचा निकाल कागदोपत्री असतो आणि अकोल्यात जन्मून आठव्या वर्षी तिकडे गेलेल्या बहिणीचा नसतो. जाण्याआधी ती चाचणी इथेच करून घ्यावी, सोल्युबिलिटीवर न थांबता एचपीएलसीचा रिपोर्ट इंग्रजीत मागून घ्यावा आणि लसीच्या कार्डासोबत हातातल्या बॅगेत ठेवावा.